कडीवरचा हात

मी बोलत होतो, टाळ्या पडत होत्या, आणि त्याच वेळी मेधा चहाचं पातेलं गॅसवर तसंच सोडून, चपला घालून, रिक्षा करून घरी निघून गेली होती. हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. आधी लोक भेटायला आले, कुणी हात हातात घेतला, पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या एका तरुण मॅनेजरने "सर, अंगावर काटा आला" म्हणून खरोखरच बाही वर करून दाखवली, आणि मग आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस रमाकांत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "उदयराव, वहिनी गेल्या वाटतं. चहा सगळा उतू गेलाय." मी म्हटलं, डोकं दुखत असेल. माणूस स्वतःवर खूश असला की बायकोचं फार तर डोकं दुखत असेल, यापलीकडे त्याला काही सुचत नाही. आम्ही बाहेरच्या टपरीवरून चहा मागवला, आणि तो पिता पिता मी सिनेमातल्या त्या शेळीवर आणखी दोन मुद्दे सांगितले. आता ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

मी मूळचा नाशिकचा. सिल्वासात टॅक्स माफ होता आणि कारखाने अळंब्यांसारखे उगवत होते त्या दिवसांत एका वायरच्या कारखान्यात आलो, आणि तिथूनच क्वालिटी मॅनेजर म्हणून रिटायर झालो. जन्मभर एकच काम केलं. माल समोर आला की हिरवं लेबल, नाहीतर लाल. तसं पिवळंही असतं, होल्डचं, म्हणजे अजून ठरलं नाही, पडून राहू दे. पण पिवळ्या लेबलाचा माल नुसता दिसला तरी मला कसंसंच व्हायचं. दिवेलागणीच्या आत मी त्याला या किंवा त्या बाजूला ढकलायचो, मगच घरी जायचो. ही खोड पुढे मंडळात आली. आम्ही महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये एखादा चांगला, म्हणजे सहसा न कळणारा, सिनेमा दाखवतो. पुण्या-मुंबई-नाशिकची इंजिनिअर मंडळी, त्यांच्या बायका, पंचवीस-तीस डोकी जमतात. सिनेमा संपला की चर्चा, आणि चर्चा दमली की रमाकांत माईक माझ्याकडे देतात आणि म्हणतात, "आता निकाल." मग मी उठतो. त्या माणसाचा अर्थ काय, तो सर्प कशाचं प्रतीक, दिवा का विझला, देव कोण आणि दानव कोण. लोक निश्चिंत होऊन घरी जातात. रमाकांत तर म्हणतात की निकालाशिवाय सिनेमा म्हणजे वरणाशिवाय भात. असलं ऐकायला कुणाला आवडणार नाही!

या वेळचा सिनेमा परदेशी होता, नाव मला नीट उच्चारताही येत नाही. बर्फातलं एकटं घर. घरात एक बाई आणि अंथरुणाला खिळलेला तिचा म्हातारा नवरा. पहिल्या दिवशी पांढऱ्या कपड्यातला, गळ्यात क्रूस घातलेला एक गोरागोमटा पाहुणा येतो. बाई दार उघडते, त्याला जेवू घालते, तो म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देतो आणि जातो. सकाळी बघावं तर गोठ्यातली शेळी नाहीशी. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला काळ्या डगल्यातला, अर्धा चेहरा भाजलेला एक माणूस दारात येऊन उभा राहतो. दार वाजवतो. काही मागत नाही, काही बोलत नाही. बाई कडीवर हात ठेवून उभी राहते. कॅमेरा त्या हातावरून हलत नाही, इतका वेळ की आपल्याच हाताला मुंग्या येतात. आणि ती दार उघडत नाही. सकाळी बर्फात दारापर्यंत आलेली पावलं असतात, परत गेलेली नसतात. माणूस नसतो. उंबऱ्याशी शेळी उभी असते, आणि आत म्हातारा कित्येक महिन्यांनी उठून बसतो, पाणी मागतो. संपला सिनेमा. आता सांगा, देव कोण? पांढरा की काळा?

हॉलमध्ये त्या दिवशी हमरीतुमरी चालली होती. कुणी म्हणालं पांढरा देव, कारण म्हातारा त्याच्या हातानेच बरा झाला. कुणी म्हणालं छे, तो भोंदू, शेळी त्यानेच नेली. मी ऐकून घेतलं आणि मग उठलो. रावण आला तोही संन्याशाच्या वेषात आला हे सांगितलं, म्हणजे पांढऱ्याचा बंदोबस्त झाला. दत्तगुरू आले ते मलंग फकिराच्या वेषात, कुत्री बरोबर घेऊन, आणि भल्याभल्यांना ओळखू आले नाहीत हे सांगितलं, म्हणजे काळ्याला देवपण मिळालं. इथे थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण समोर सगळे टक लावून बसलेले, माझा आवाज लागलेला, आणि मी म्हणालो, "पण मित्रांनो, मग सैतान कुठे आहे? तुम्ही त्याला बाहेर बर्फात शोधताय. तो आत आहे. दारात देव उभा आहे हे आतून कळत असूनही कडी न काढणारा तो हात, तो सैतानाचा हात आहे. या सिनेमातलं पाप एकच. ती बाई." टाळ्या तेव्हाच पडल्या. आणि हॉलच्या मागच्या ओट्यावर मेधा चहात आलं किसून घालत होती.

घरी गेलो तर ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "बरी आहे. छान बोललास." बस्स. आम्ही एकाच कॉलेजातले, ती दोन वर्षं मागे, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी नव्हतंच. भांडायची तर तोंडावर भांडायची. मी वाट बघत राहिलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. ताटात वाढत होती, गोळ्यांची आठवण करत होती, गावाकडे बहिणीला फोन करत होती, पण माझ्याशी बोलताना तिच्या वाक्यांना शेपूटच नसायचं. भाजी संपली. गॅसवाला येईल. एरवी मेधाचं कुठलंही वाक्य दुसरं वाक्य घेऊन यायचं. आणि तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं की मला चैन पडत नाही ते नेमकं या दुसऱ्या वाक्यावाचून.

कारण खरं सांगायचं तर माझे निकाल माझे नव्हतेच. सिनेमा मंडळात दाखवायच्या आधी आम्ही दोघं तो घरी बघतो. मी लॅपटॉपसमोर, ती बाजूला परात घेऊन, मेथी निवडत नाहीतर शेंगा सोलत. अधूनमधून मान वर करते आणि काहीतरी बोलते. तिला प्रतीक-बितीक काही पडलेलं नसतं. "हा माणूस सारखा बूट पुसतोय, घरी कुणीतरी रागावत असणार त्याला लहानपणी," असलं काहीतरी. मी हं हं करतो. आणि रविवारी तेच वाक्य माझ्या तोंडून चांगले कपडे घालून बाहेर पडतं. मेधाने कधी तक्रार केली नाही. उलट ओट्यापाशी उभी राहून गालातल्या गालात हसायची, आणि स्कूटरवर मागे बसल्यावर म्हणायची, "माझे बूट आज बरेच चमकवलेस हं." ते हसू मला आता आठवत राहतं. बायको चिडवते आहे म्हणजे सगळं ठीक चाललंय असं मी धरून चाललो होतो.

बुधवारी सकाळी बेल वाजली. मी पेपर वाचत होतो, मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दारापासून चार पावलांवर. ती हलली नाही. मी मान वर केली तेव्हा म्हणाली, "तू उघड. मला निकालाची भीती वाटते." चेष्टेचा सूर नव्हता. मी उठून दार उघडलं. कामाला येणारी गुड्डी होती. ती "नमस्ते अंकल" म्हणून आत गेली आणि मी दार धरून तसाच उभा राहिलो, कारण त्या घडीला मेधाचं घरी सिनेमा बघतानाचं एक वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. कडीवरच्या हाताचं ते लांबलचक दृश्य चालू होतं. तिने परात बाजूला ठेवली होती. ती म्हणाली होती, "मी पण नव्हतं उघडलं. ममताला." आणि मी काय म्हणालो होतो? मी म्हणालो होतो, "हं. थांब, हा हात बघ, काय धरलाय!" ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. त्यातली ममता कानाबाहेर सांडली आणि न उघडलेलं दार तेवढं मी उचललं, रविवारसाठी. बायको मला आयुष्यातली एक गोष्ट सांगत होती आणि मी तिच्यात मुद्दा शोधत होतो. काय म्हणावं अशा माणसाला!

ममता आमच्याकडे गुड्डीच्या आधी होती. शिरपूरकडची, अंगाने काटकुळी, आमलीतल्या चाळीत राहायची. नवरा नवनाथ सुताच्या कारखान्यात. बेल म्हणून कधी वाजवायची नाही, हातातल्या काकणांनी दारावर टकटक करायची आणि "ताई वं" म्हणायची. मेधा तिला लिहायला शिकवत होती, ती मेधाला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला. मग लॉकडाऊन लागला. माझ्या छातीत तेव्हा नुकतेच स्टेंट घातलेले, डॉक्टरांनी सांगितलेलं की यांना लागण झाली तर अवघड आहे. आम्ही तिचं कामाला येणं बंद केलं, पगार चालू ठेवला, आणि मनात म्हटलं, आपलं आपण नीट केलं. त्या दिवसांतली एक दुपार मला आठवते. मी आतल्या खोलीत पडलो होतो. बाहेर टकटक झाल्यासारखं वाटलं. मी ओरडून विचारलं, कोण आहे गं? मेधा बऱ्याच वेळाने म्हणाली, "कुणी नाही." मी कूस बदलून झोपलो. आणखीही एक आठवतं, आणि त्या बुधवारपासून ते आठवणं थांबतच नाही. त्याच सकाळी टीव्हीवरचे आकडे बघून मी तिला बजावलं होतं, अगदी बोट नाचवून, चेष्टेतच, "कुणी म्हणजे कुणी आलं तरी दार उघडायचं नाही हं. देव आला तरी नाही."

गुड्डी गेल्यावर मी मेधासमोर बसलो. म्हटलं, मला सांग. ती आधी म्हणाली, "आता कशाला? रविवारी झालं की सगळं सांगून." मग तिने सांगितलं. दाराच्या भिंगातून बघितलं तर ममता, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, पोट पुढे आलेलं. सातवा महिना असेल. ओढणीतून खोकत होती. म्हणत होती, ताई, पोटमा दुखस वं, साहेबनी गाडी काढा ना. नवनाथ कारखान्यातच अडकलेला, रिक्षा बंद. "मी हात कडीवर ठेवला होता रे. पितळ गार लागत होतं. मला वाटलं, उघडलं तर तू गाडी काढशील, तू काढलीच असतीस, आणि मग तुला... मी इकडे बघितलं, तू पडलेला दिसत होतास, पाय चादरीतून बाहेर. मी उघडलं नाही. ती बराच वेळ उभी होती. मग जिन्यावरून काकणांचा आवाज खाली गेला." पुढे तिने फोन लावले, लागले नाहीत. लॉकडाऊन उठल्यावर चाळीत जायचं जायचं म्हणत गेलीच नाही. "जाऊन काय ऐकायला मिळेल ते मला नको होतं," ती म्हणाली. "तो सिनेमा बघितल्यावर वाटलं, तुला सांगावं. तू एवढ्या लोकांना एवढं समजावतोस, मला पण सांगशील, मी कोण ते. सांगितलंस."

आता मला काय वाटलं ते लिहायला शब्द शोधावे लागत नाहीत. लाज वाटली. आणि लाजेबरोबर लगेच ती जुनी खोड उठली, निकाल फिरवायची. मी म्हणालो, "मेधा, ऐक. तो काळा माणूस देव असेलच असं कुठे आहे? तो यम असेल. घरात आजारी माणूस आहे, दारात यम आलाय, आणि ती बाई त्याला आत घेत नाही. म्हणून तर म्हातारा सकाळी उठून बसला! तिने नवरा वाचवला. सिनेमात हेसुद्धा आहे गं, स्पष्ट आहे." आणि खरंच आहे. रविवारी उभा राहिलो तेव्हाही ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण त्यावर टाळ्या पडल्या नसत्या. मेधाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमून. "म्हणजे रविवारी मी सैतान, आणि आज ममता यम," ती म्हणाली. "राहू दे, उदय. आता नको बदलूस." मग ती उठली आणि कुकर लावला. मी तिथेच बसून राहिलो. होल्डचं पिवळं लेबल एवढ्या वर्षांत मी कितीदा घाईने ओरबाडून काढलं असेल, कोण जाणे.

जेवण झाल्यावर मी स्कूटर काढली. कुठे चाललो ते तिला सांगितलं. ती जिन्यापर्यंत आली. रस्त्याने मला सगळीकडे काकणं दिसत होती, खानवेलच्या बसच्या खिडकीतून बाहेर आलेल्या हातांत, रांधा गावाकडून भाजी घेऊन आलेल्या बायकांच्या हातांत. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की ममता सापडणार. कडेवर पाच-सहा वर्षांचं पोर असणार, नाही, एवढं मोठं पोर कडेवर कसं असेल, शाळेतून येत असणार. ती हसणार, साहेब तुम्ही, म्हणणार. मग मी तिला स्कूटरवर बसवून घरी नेणार, आणि ती काकणांनी दार वाजवणार. सिनेमावाल्यांना मी एवढी नावं ठेवतो, पण माझ्या डोक्यात चाललेला सिनेमा त्यांच्यापेक्षा बराच स्वस्तातला होता.

चाळीत ममताच्या खोलीला कुलूप होतं. आता तिथे बिहारची पोरं राहतात म्हणे, पाळीवर गेलेली. शेजारच्या दारात कमळाबाई म्हणून एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, ममताच्याच मुलखातली. ती आमच्याकडे कामाला होती असं सांगून मी ममताचं नाव काढलं तशी तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ममता ना? ती तर तवाच गेली गावले. सगळे टेम्पोमा बसून गेले, रातोरात." मी विचारलं, तब्येत? बाळ? "पोट दुखायचं तिचं लई. त्या दिशी सगळ्या दारांवर फिरून आली, कोनी उघडं ना. मी बी नाही उघडलं, साहेब. माझा पोऱ्या खोकत व्हता." लसणाची साल तिने फुंकरीने उडवली. "मग टेम्पोमा बसली. कोनी म्हनतं पोरगी झाली, चांगली हाय. कोनी म्हनतं रस्त्यातच गेलं सगळं. नवनाथ परत आला नाही. फोन लागत नाही. काय सांगू तुमाले?" मी म्हटलं, कुणाला माहीत असेल? ती म्हणाली, "जे टेम्पोत व्हते त्यांना. त्यातलं कोनी नाही इथं." मग पुढची पाकळी उचलून, "तुमच्या बायकोले सांगा, लई नाव घ्यायची ती त्यांचं. पाटीवर नाव काढून दाखवायची आमाले, ताईनं शिकवलं म्हनून." हे ऐकून मी चाळीच्या कठड्याला टेकलो. खाली नळावर बादल्यांचा आवाज चालला होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही मला सुचलं नाही.

परत येताना दमणगंगेच्या पुलावर थांबलो. घरी जाऊन काय सांगायचं? मुलगी झाली, चांगली आहे, एवढं सांगितलं तर ते खोटंही नव्हतं. कुणीतरी तसं म्हणतच होतं. अर्धं हिरवं, अर्धं लाल, मी फक्त लाल झाकायचं. मेधाला झोप लागली असती, आमची भाजी, आमचे बूट, आमची स्कूटर सगळं परत मिळालं असतं. मी वाक्य जुळवलं सुद्धा. आवाज कसा लावायचा तेही ठरवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी रविवारीच करून बसलो होतो. जे ठरलेलं नाही ते ठरवून टाकायचं, आणि तिच्या गळ्यात बांधायचं.

किल्ली खिशात होती, पण मी बेल वाजवली. आतून पावलं आली. भिंगातला उजेड गेला, म्हणजे ती बघत होती. मी बाहेर उभा होतो, हात नेमके कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. दार उघडलं नाही. आतूनच तिने विचारलं, "काय कळलं?"

मी म्हणालो, "काही नाही कळलं. कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं मुलगी झाली, कुणी म्हणतं दोघी गेल्या. गाव शोधायला लागेल. शिरपूरला जाऊन विचारावं लागेल."

मग कडी निघाली. मेधा दारात उभी होती, डोळे सुजलेले, हात अजून कडीवरच. मला तिला काहीतरी द्यायचं होतं, अगदी लहानसं का होईना. मी म्हणालो, "तोंडाला ओढणी होती गं तिच्या. भिंगातून माणूस वाकडातिकडाच दिसतो. तू ओळखलंही नसशील नीट."

"ओळखलं होतं," मेधा म्हणाली. "काकणं वाजली तेव्हाच ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच नाही उघडलं. परकी कुणी असती तर साखळी लावून फट तरी केली असती. तिला बघून मला नाही म्हणता आलं नसतं." ती बाजूला सरली. "ये आत. आणि शिरपूरला जायचं तर दोघांनी जाऊ. दार मी वाजवीन."